दिवाळीची भेट म्हणून पोरक्या वन्यपिल्लाचा सांभाळ: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की मला नात्यातून, शेजारातून फोन येऊ लागतात. "भाचीसाठी हत्तीचं पिल्लू दत्तक घेतलं होतंस ना, ते कसं करायचं असतं?" प्रत्येकाला सांगते, तरी काहीतरी राहूनच जातं. मग भाऊबीजेच्या आदल्या रात्री पुन्हा फोन: कार्ड चालत नाही, प्रमाणपत्र आलं नाही, पावतीवर मुलाचं नाव पडलं. म्हणून या वेळी सगळं एकदाच नीट लिहून काढते आहे. मी सोलापुरात एका करसल्लागारांच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे पावती आणि पॅनची बाजू मला रोजच्या कामातली आहे. प्राण्यांची बाजू मात्र गेल्या चार वर्षांत चुकत, वाचत, लोकांना विचारत शिकले.

मुळात हे असतं काय? आई मेलेली किंवा ताटातूट झालेली वन्यप्राण्यांची पिल्लं वाढवणाऱ्या काही संस्था आहेत. तुम्ही एखाद्याच्या नावानं त्या संस्थेला पैसे देता. ज्याच्या नावानं दिले त्याला प्रमाणपत्र मिळतं आणि पिल्लाची खबरबात कळत राहते. पिल्लू घरी येत नाही, त्याची मालकी मिळत नाही, आणि त्याच एका पिल्लाचे असे पालक जगभरात कितीतरी असतात. 'दत्तक' हा शब्द ऐकून अनेकांचा गैरसमज होतो, म्हणून मी 'सांभाळाला हातभार' असंच म्हणते.

१. भेट कुणाला आणि कोणत्या दिवशी, हे आधी ठरवा

सात-आठ वर्षांपुढची मुलं आणि निवृत्त झालेली मोठी माणसं, या दोघांना ही भेट फार भावते असा माझा अनुभव आहे. चार-पाच वर्षांच्या लेकराला हातात धरता येईल असंच काहीतरी हवं असतं, त्याच्यासाठी थांबा.

दिवस निवडायचा तर मला वसुबारस सगळ्यांत योग्य वाटते. गाय-वासराची पूजा करायची आणि गायीचं दूध-तूप त्या दिवशी खायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आजी सांगायची, आजचं दूध वासराचं. ज्या पिल्लाला पाजायला आईच राहिली नाही त्याच्या दुधाची सोय त्या दिवशी करावी, याहून जास्त काही समजावून सांगावं लागत नाही. भाऊबीजेला भावाकडे जाताना भाचरांसाठी नेता येते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटतात, त्याऐवजी सगळ्याजणींच्या नावानं एकत्र रक्कम भरून प्रत्येकीच्या हातात छोटं कार्ड देणाऱ्या आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी आहेत. आमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेत पोरांच्या हातावर ठेवायच्या पैशांतून थोडे बाजूला काढून हे केलेलंही मी पाहिलं आहे.

२. संस्था निवडणं: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

माझी एकच कसोटी आहे. पिल्लाला माणसापासून दूर, त्याच्या जातभाईंकडे पोचवण्यासाठी जी संस्था धडपडते, तिला पैसे द्यायचे. जी पिल्लाला माणसाच्या मांडीवर बसवून फोटो काढते, तिला नाही.

यामागची एक खरी गोष्ट सांगते. केनियात त्साव्हो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाचे पहिले वॉर्डन डेव्हिड शेल्ड्रिक होते. त्यांची पत्नी डॅफनी पोरकी पिल्लं वाढवायच्या. हत्तीचं तान्हं पिल्लू मात्र काही केल्या जगत नसे, कारण गायीच्या दुधातली चरबी त्याला पचत नाही. वर्षानुवर्षं निरनिराळी दुधं करून पाहिल्यावर त्यांना माणसाच्या बाळाच्या दूधपावडरीत खोबरेल तेल घालण्याची वाट सापडली. १९७४ साली आयशा नावाचं तान्हं पिल्लू या दुधावर जगलं, महिन्यामागून महिने वाढलं. मग मुलीच्या लग्नासाठी डॅफनींना थोडे दिवस बाहेरगावी जावं लागलं. आयशानं खाणं सोडलं आणि ती गेली. दूध मिळत होतं, पण तिच्या लेखी आई दुसऱ्यांदा गेली होती.

त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की एका पिल्लाला एकाच माणसाचा लळा लागू द्यायचा नाही. १९७७ साली डेव्हिड वारले, त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेली संस्था आज शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्ट म्हणून ओळखली जाते. नैरोबीतल्या त्यांच्या संगोपनगृहात राखणदार रात्री पिल्लाच्याच खोलीत झोपतात, दर तीन तासांनी बाटली देतात, आणि कुणाजवळ कोण झोपणार हे आलटूनपालटून बदलतात. तीनेक वर्षांची झाली की पिल्लं त्साव्होतल्या व्होई, इथुंबा अशा ठिकाणी जातात. तिथे दिवसा जंगल, रात्री निवारा. रानटी कळपांशी ओळख वाढत जाते आणि एक दिवस पिल्लू रात्रीही परतत नाही. या सगळ्याला कित्येक वर्षं लागतात. अशा हत्तिणी पुढे जंगलात स्वतः आया झाल्या आहेत आणि आपली पिल्लं राखणदारांना दाखवायला घेऊन आल्या आहेत. डॅफनी २०१८ साली गेल्या. आता त्यांची मुलगी अँजेला काम पाहते.

परदेशातच पैसे पाठवले पाहिजेत असं मुळीच नाही. आपल्याकडचे काही पर्याय:

आसाममध्ये काझीरंगाजवळ २००२ पासून वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. आसाम वनविभागासोबत वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ते चालवते. ब्रह्मपुत्रेला दरवर्षी पूर येतो, गेंड्यांची आणि हत्तींची पिल्लं आईपासून तुटतात, वाहत येतात. बाटलीवर वाढवलेल्या गेंड्यांना तिथून मानस राष्ट्रीय उद्यानात नेलं जातं. त्यातली पहिली, मैनाओ, २००६ साली मानसमध्ये गेली. मानसमधले गेंडे शिकारीनं संपले होते, तिथे या पोरक्या माद्यांनी पुढे पिल्लांना जन्म दिला. माझ्या कसोटीला हे काम पुरेपूर उतरतं.

जवळचं म्हणाल तर पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळचं माणिकडोह बिबट निवारण केंद्र. वनविभागाबरोबर वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तिथे काम करते. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. ही पिल्लं बहुतेक वेळा पोरकी नसतातच, आई दिवसा लांब असते इतकंच. डॉक्टर पिल्लं तपासतात, आणि अंधार पडला की ज्या जागी सापडली तिथेच खोक्यात ठेवतात. बाजूला कॅमेरा लावतात. आई येते, एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. पिल्लू पोरकं होऊच न देणारं असं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पण 'आपलं पिल्लू' म्हणून त्याचा फोटो मिळत नाही, त्यामुळे लोक तिथे देणगी द्यायला मागेपुढे पाहतात.

आता काही प्राणी परत सोडताच येत नाहीत. दरवेशांकडची अस्वलं आठवत असतील ना? ती पिल्लं असतानाच आईपासून हिरावलेली असत. नाकात वेसण, दात पाडलेले. अशी अस्वलं जंगलात जगणार कशी? वाइल्डलाइफ एसओएसच्याच आग्र्याच्या केंद्रात त्यांना आयुष्यभर सांभाळलं जातं. आणि मराठी माणसाला हेमलकसा वेगळं सांगायला नको. माडिया शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेलं जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी मागून घेतलं, तिथून त्यांचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. अशा ठिकाणी देणगी द्यायची तर ती जन्मभराच्या खाण्यापिण्यासाठी आहे हे समजून द्या, आणि मुलांनाही तसंच सांगा.

प्राणीसंग्रहालयांच्या आणि राष्ट्रीय उद्यानांच्या दत्तक योजना वेगळ्या. तिथे पिंजऱ्यातल्या एका प्राण्याचा वर्षाचा खर्च तुम्ही उचलता. वाघ-बिबट्यासाठी तो एका घराच्या आवाक्याबाहेर जातो, पक्ष्यांसाठी परवडतो. वाईट नाही, पण तो या लेखाचा विषय नाही.

३. संस्था खरी आहे का, हे तपासा

पहिल्या वर्षी मी फसले. मोबाइलवर एक व्हिडिओ आला होता, हरणाचं पाडस विहिरीतून काढतायत, त्याला बाटलीनं दूध पाजतायत. खाली क्यूआर कोड. डोळे भरून आले आणि मी दीड हजार पाठवले. पावती मागितली तर उत्तर नाही. चार दिवसांनी लक्षात आलं की पैसे ट्रस्टच्या नव्हे, कुणा एका माणसाच्या खात्यात गेले होते. नंतर कळलं की काही लोक स्वतःच पिल्लांना संकटात टाकतात, मग वाचवल्याचं चित्रीकरण करतात. म्हणजे माझ्या पैशानं कदाचित पुढचं पाडस विहिरीत पडलं असेल. हे मला अजून सलतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून खालच्या गोष्टी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका:

- यूपीआयनं भरताना पडद्यावर कुणाचं नाव दिसतंय? ट्रस्टचं किंवा संस्थेचंच हवं. व्यक्तीचं नाव दिसलं की तिथेच थांबा.
- महाराष्ट्रातला ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नाव शोधा. देशात कुठलीही संस्था असो, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर तिची नोंद पाहा.
- वन्यप्राणी ठेवायला वनविभागाची परवानगी लागते. संस्थेनं ती कुठे तरी लिहिलेली असते. नसेल तर ईमेल करून विचारा. चांगल्या संस्था या प्रश्नावर रागवत नाहीत.
- वार्षिक अहवाल आहे का? त्यात किती पिल्लं आली, किती सुटली याबरोबर किती दगावली हेही लिहिलंय का? पोरकी तान्ही पिल्लं दगावतात, कितीही जीव लावला तरी. एकही मेलं नाही म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.
- पाहुण्यांच्या कडेवर बछडं, गळ्यात घातलेलं माकडाचं पिल्लू, वाढदिवसाला पिल्लांसोबत सेल्फी, असे फोटो असतील तर पुढे जाऊ नका.

४. हाताशी काय काय लागतं

- तुमचं पॅन (भारतातल्या संस्थेला देणार असाल तर)
- तुमचा पूर्ण पत्ता, पिनकोडसह
- रोज उघडता असा ईमेल
- ज्याला भेट द्यायची त्याचं नाव, इंग्रजी स्पेलिंगसह, कागदावर लिहून घेतलेलं
- यूपीआय किंवा नेटबँकिंग. परदेशासाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड
- प्रमाणपत्र छापायला जाड कागद आणि चौकट

स्पेलिंगचं मुद्दाम लिहिलं. मी स्वतःच्या मनानं भाचीचं नाव टाकलं आणि शाळेच्या दाखल्यावरचं निघालं वेगळं. प्रमाणपत्र हातात घेतल्यावर तिनं पहिल्यांदा तेच पाहिलं. संस्थेला ईमेल केल्यावर त्यांनी दुरुस्त करून पाठवलं, पण भेटीचा पहिला क्षण त्यात गेला.

५. पैसे भरणं, भारतातल्या संस्थेला

हे सोपं आहे. अर्जात देणगीदार म्हणून तुमचं नाव आणि पॅन, आणि 'भेट कुणाला' किंवा 'प्रमाणपत्रावरचं नाव' या रकान्यात मुलाचं. ही अदलाबदल सर्रास होते. पावती ज्याच्या पॅनवर, करसवलत त्याला. मुलाच्या नावावर पावती फाडून बापाला सवलत मिळत नाही.

सवलतीचं थोडक्यात: संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची (आजवर ८०जी म्हणत आलो ती) मान्यता असेल तर बहुतेक ठिकाणी देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर त्या देणगीवर वजावट नाही. आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मुळातच मिळत नाही. दर जुलैत आमच्या ऑफिसात हे ऐकून हिरमुसणारे चार-पाच जण तरी असतात. फक्त पावती पुरत नाही, आर्थिक वर्ष संपल्यावर संस्थेनं आयकर विभागाच्या नमुन्यातलं देणगी-प्रमाणपत्र द्यायचं असतं. आजवर त्याला १०बीई म्हणत आले आहेत. ते मे अखेरपर्यंत येतं, आलं नाही तर मागा.

अमेरिकेतल्या, दुबईतल्या नातेवाइकांना वर्गणीत घ्यायचं असेल तर आधी त्यांचा पासपोर्ट कुठला ते विचारा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाचे पैसे भारतीय संस्थेला परकीय देणगीच्या कायद्याखाली, ठरावीक खात्यातच घेता येतात. त्यांना संस्थेच्या परदेशी देणगीच्या पानावरून थेट भरू द्या. तुमच्या खात्यात घेऊन तुम्ही पुढे पाठवू नका.

६. पैसे भरणं, केनियासारख्या परदेशी संस्थेला

नैरोबीच्या संस्थेत एका पिल्लाच्या सांभाळासाठी मी भरले तेव्हा वर्षाला किमान ५० डॉलर लागत होते. आपले चार-साडेचार हजार झाले, त्यावर बँकेचं चलन-बदलाचं शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी. भरण्याआधी आजचा आकडा संकेतस्थळावर पाहून घ्या. यावर भारतात करसवलत मिळत नाही, त्या आशेनं करू नका.

आधी कार्ड तयार करा. आपल्याकडची कार्डं सुरुवातीला फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करावे लागतात आणि मर्यादा घालावी लागते. मी हे धनत्रयोदशीच्या रात्री करायला बसले. कार्ड तीन वेळा नाकारलं गेलं, बँकेची मदतवाहिनी सणामुळे लागत नव्हती, आणि भाऊबीजेला मी रिकाम्या हातानं भावाकडे गेले. तेव्हापासून निदान आठ दिवस आधी हे उरकते.

मर्यादा लागेल तितकीच ठेवा. परदेशी संकेतस्थळावर अनेकदा ओटीपी विचारलाच जात नाही, कार्डाचा नंबर दिला की पैसे गेले. म्हणून काम झालं की ती सोय पुन्हा बंद करा.

भरताना 'दरवर्षी आपोआप नूतनीकरण' असा एक चौकोन असतो. तो नीट वाचून ठरवा. मी तो मोकळा सोडते आणि दरवर्षी भाचीला विचारून भरते. तिचं त्यातलं लक्ष त्यामुळेच टिकतं.

मग पिल्लू निवडायचं. प्रत्येकाची कहाणी तिथे दिलेली असते: कुठे सापडलं, आईचं काय झालं. काही हस्तिदंतासाठी मारलेल्या हत्तिणींची, काही दुष्काळातली, काही विहिरीत पडलेली. काही कहाण्या फार जड आहेत. लहान मुलाला सोबत बसवण्याआधी तुम्ही एकदा एकट्यानं वाचून घ्या.

पैसे भरल्यावर प्रमाणपत्र ईमेलनं येतं. दिसलं नाही तर स्पॅममध्ये पाहा. दर महिन्याला पिल्लाची बातमी आणि एक जलरंगातलं चित्रही येतं.

७. भेट हातात देण्याजोगी करणं

मोबाइलवरची पीडीएफ दाखवून 'ही तुझी भेट' म्हटलं तर मुलाचा चेहरा पडतो. जाड कागदावर रंगीत छापून घ्या (सोलापुरात असाल तर नवी पेठेत) आणि साधी लाकडी चौकट करा. सणाच्या आठवड्यात दुकानांतून गर्दी असते, त्याआधी जा.

त्याबरोबर मी एक गोष्ट केली. नैरोबी उंचावर आहे, तिथे पहाटे गारठा असतो. आईच्या पोटाखाली उबेला उभं राहणारं पिल्लू एकटं पडलं की गारठतं, म्हणून राखणदार सकाळी त्यांच्या पाठीवर चादर बांधतात. हे फोटो पाहिले आणि मला आमच्या घरातली विटलेली सोलापुरी चादर आठवली. आजोबा मिलमध्ये होते तेव्हाची. तिचा तुकडा कापून, कडा शिवून मी कापडी हत्तीच्या पाठीवर बांधला आणि तो प्रमाणपत्रासोबत दिला. माझी आई, जिला हा सगळा प्रकार परक्या देशातल्या जनावरावर पैसे घालवणं वाटत होता, ती चादर पाहून गप्प बसली. मग म्हणाली, "थंडी काय, सगळ्यांनाच वाजते."

भेटीत एक चिठ्ठीही घाला, तुमच्या हातानं मराठीत लिहिलेली. प्रमाणपत्र इंग्रजीत असतं. पिल्लाचं नाव, ते कुठे राहतं, काय खातं, आणि वर्षभर खबर कशी येणार, एवढं पुरे.

८. मुलाला काय सांगायचं आणि काय नाही

'हा तुझा हत्ती' असं म्हणू नका. मी म्हटलं, आणि पुढचे दोन महिने "त्याला सोलापूरला कधी आणायचं?" हे ऐकलं. 'हा स्वतःचा आहे, तू त्याच्या दुधात वाटा उचलतेस' हे नऊ वर्षांच्या मुलीला नीट समजतं.

पिल्लू दगावू शकतं, हेही आधीच सांगा. आमचं दुसऱ्या वर्षीचं पिल्लू गेलं. ईमेल मी आधी वाचला, लपवावा असं वाटलं. वहिनी म्हणाली, सांग. भाची रडली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं की त्याच्याजवळ रात्री कुणी होतं का. होतं. राखणदार शेजारीच झोपलेला होता. तेवढं तिला पुरलं. त्या वर्षी संस्थेनं आम्हाला दुसरं पिल्लू निवडायला सांगितलं तेव्हा ते तिनं निवडलं.

९. आपल्या माळावर पिल्लू दिसलं तर

एखादं मूल हत्तीच्या पिल्लात गुंतलं की त्याचं आजूबाजूलाही लक्ष जायला लागतं, आणि मग खरी चूक होण्याची वेळ येते. म्हणून हा भाग भेटीबरोबर प्रत्येकाला सांगा.

आपल्या बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. त्या माळावर काळवीट आहेत, लांडगे, खोकड आहेत. काळविटाची मादी पाडसाला गवतात लपवून चरायला लांब जाते. पाडस हलत नाही, आवाज करत नाही, तेच त्याचं संरक्षण. शेतातून जाणारा माणूस पाहतो, 'अरेरे, एकटं आहे' म्हणतो आणि उचलून घरी आणतो. ते पाडस त्या क्षणी पोरकं होतं. आई संध्याकाळी येऊन शोधत राहते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, हा समजही खरा नाही. लवकर त्याच जागी ठेवलं तर बहुतेकदा ती घेते. मात्र ते तुम्ही मनानं करू नका, वनविभागाला विचारून करा.

उसात सापडणारी पिल्लं बऱ्याचदा बिबट्याची नसतातच, रानमांजराची असतात. बिबट्याच्या बछड्याच्या अंगावर ठळक ठिपके असतात. रानमांजराचं पिल्लू मातकट, अंगावर फिक्या रेघा, कानाच्या टोकाला केसांचा बारीक झुपका. कुठलंही असो, करायचं एकच:

- हात लावू नका, फोटोसाठी भोवती गर्दी करू नका.
- वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.
- कुत्री आणि माणसं लांब ठेवून दुरून नजर ठेवा. फडात असाल तर तेवढ्या भागातली तोड थांबवा आणि मागे व्हा, आई जवळपास असू शकते.
- गायीचं दूध पाजू नका. त्यानं हगवण लागते. ड्रॉपरनं पाणी सोडलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.
- घरी ठेवू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

एक मोह फार गोड असतो: बाजारात पिंजऱ्यात पोपटाची पिल्लं दिसतात आणि आपण दया येऊन, सोडवायला म्हणून विकत घेतो. विकणारा त्याच पैशानं पुढच्या ढोलीत हात घालतो. विकत घेऊ नका, १९२६ ला कळवा.

१०. वर्षभर

दर महिन्याची बातमी इंग्रजीत येते. मी ती रविवारी भाचीला फोनवर मराठीत सांगते, दहा मिनिटं लागतात. हे करणार नसाल तर चौकट भिंतीवर राहते आणि विषय तिथेच संपतो. आता ती स्वतः वाचायला लागली आहे, अडलं तर विचारते.

मे अखेर देणगी-प्रमाणपत्र आलं का ते पाहा आणि जुलैच्या आधी करसल्लागाराला द्या. वर्ष कधी संपतं ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा, कारण परदेशातून आठवणीचा ईमेल आला तर तोही स्पॅममध्येच जातो. यंदा आम्ही रक्कम दोन ठिकाणी वाटणार आहोत, निम्मी काझीरंगाला आणि निम्मी जुन्नरच्या कामाला. दुसऱ्या ठिकाणी पिल्लाचं नाव आणि फोटो मिळणार नाही हे मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "चालेल. त्यांची आई त्यांना न्यायला येते ना."